शंभरपट पिकाचा वायदा

गैरसोयीचा प्रश्न समोर आला म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाण्याची सोय मराठी भाषेने फार पूर्वीपासून करून ठेवलेली आहे. वाक्प्रचारातले ते पेडगाव भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, असे मानले जाते. परभणी जिल्ह्यातले पेडगाव त्याहून निराळे. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. या भागातील काळ्या जमिनीत मृगाच्या सुमारास ज्या वस्तूची सर्वाधिक चर्चा होते ती म्हणजे बियाणे. बी खरे की बोगस, हा प्रश्न येथे कोणी वेड पांघरून टाळीत नाही. तो टाळणे परवडतच नाही.

२०२० च्या खरीप हंगामात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारी इतक्या मोठ्या प्रमाणावर आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्यांची दखल घेतली. सर्वांना भरपाई मिळाली असे नव्हे. दुबार पेरणीचा खर्च पुष्कळांच्या बोकांडी बसला. परंतु त्या शेतकऱ्याच्या हाती काही साधने होती. १९६६ च्या बियाणे कायद्यामुळे पिशवीवर लेबल असते, त्यावर लॉट क्रमांक आणि उगवणशक्तीचे प्रमाण असते. सोयाबीनसाठी ते किमान ७० टक्के असावे लागते. दुकानदाराची पावती असते. तालुक्याला तक्रार निवारण समिती असते, ती शेतावर येऊन पंचनामा करते, आणि त्यानंतर ग्राहक न्यायालयाचा मार्ग मोकळा असतो. याहीपेक्षा सोपा उपाय कृषी खाते दर वर्षी सांगत असते. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि किती दाण्यांना मोड आले ते मोजावे. या परीक्षेने बियाण्याचा अपमान होतो असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, ‘बी पेरा’ याच शब्दांनी चालणारा एक निराळा व्यवहार गेली काही दशके जगभर फोफावला असून भारतीय भाषांतूनही तो ऐकू येऊ लागला आहे. ख्रिस्ती धर्मोपदेशाच्या नावाने चालणारी ही चळवळ ‘समृद्धीचे शुभवर्तमान’ या नावाने ओळखली जाते. परमेश्वराची इच्छा अशी की त्याच्या भक्ताने निरोगी आणि सधन असावे. ते ऐश्वर्य मिळविण्यासाठी भक्ताने विश्वासाचे बी पेरावे. बी म्हणजे उपदेशकाच्या कार्याला दिलेले द्रव्य. आणि पीक तीसपट, साठपट, शंभरपट. अमेरिकेतील ओरल रॉबर्ट्स या उपदेशकाने १९७० मध्ये ‘बीजविश्वास’ या कल्पनेवर पुस्तकच लिहिले. त्याच गृहस्थांनी १९८७ च्या आरंभी जाहीर केले की, मार्चअखेर ८० लक्ष डॉलर जमले नाहीत तर परमेश्वर आपणास वर बोलावून घेईल. रक्कम जमली. ज्या कार्यासाठी हा सारा आटापिटा होता त्यातील भव्य रुग्णालय मात्र १९८९ मध्ये बंद पडले.

भारतात या उपदेशाची वाट उपग्रह दूरचित्रवाणीने रुंद केली. अमेरिकेतील बेनी हिन या प्रसिद्ध उपदेशकाच्या २००४ मध्ये मुंबईत आणि २००५ च्या जानेवारीत बंगलोरला प्रचंड सभा झाल्या. आता सभेला जाण्याचीही आवश्यकता उरलेली नाही. प्रार्थना मोबाईलवर येते आणि तिच्याखाली पैसे पाठविण्याचा चौकोनी ठसाही येतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मराठी मुलखातील ख्रिस्ती मंडळ्या, त्यांचे तुटपुंज्या वेतनावर खेड्यापाड्यांतून फिरणारे पाळक, त्यांच्या शाळा आणि दवाखाने यांना या उपदेशाबरोबर एकाच मापाने मोजणे घोर अन्यायाचे होईल. समृद्धीच्या उपदेशावर सर्वांत कठोर टीका झाली आहे ती ख्रिस्ती धर्मपंडितांकडूनच. जगभरच्या सुवार्तिक मंडळ्यांच्या लोझान चळवळीने घाना देशातील अक्रोपाँग येथे २००८ व २००९ मध्ये या प्रश्नावर बैठका घेतल्या, आणि २०१० च्या केप टाउन येथील निवेदनात या शिकवणुकीचा निषेध नोंदविला. प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेचा नाही. श्रद्धेच्या नावाने केलेल्या एका कराराचा आहे.

करार कोणाचा, जोखीम कोणाची

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या कराराची कलमे तपासून पाहण्यासारखी आहेत. देणाराने द्यावयाची रक्कम निश्चित असते, देण्याचा दिवस निश्चित असतो, ती कोणाच्या हाती पडणार हेही निश्चित असते. मिळावयाच्या फळाचे मात्र प्रमाण मोघम, मुदत मोघम, आणि हमी देणारा तर या व्यवहारात पक्षकारच नाही. उपदेशक स्वतः हमी देत नाही. तो परमेश्वराच्या वतीने देतो. पीक आले तर श्रेय उपदेशाचे. न आले तर? येथेच या कराराचे सर्वांत चतुर कलम येते. पीक न आल्यास दोष बियाण्याचा नव्हे, विक्रेत्याचा नव्हे, तर पेरणाऱ्याच्या विश्वासाचा. त्याचा विश्वास उणा पडला, त्याने कोठे तरी गुप्त पाप केले असेल, किंवा त्याने बीच लहान पेरले. यावर उपाय एकच, अधिक मोठे बी पेरणे. सोयाबीनच्या विक्रेत्याने असे उत्तर दिले असते तर तालुक्याच्या समितीने त्याला वेशीपर्यंत पोचविले असते.

आपल्याकडच्या नवसाशी या व्यवहाराची तुलना केली जाते, पण ती अर्धवट आहे. नवस हाही सौदाच, यात शंका नाही, आणि त्यावर संतांनी पुरेसे कोरडे ओढलेले आहेत. परंतु नवस बोलणारा काम झाल्यावर फेडतो. मूल झाले तर पाळणा वाहीन, नोकरी लागली तर पायी येईन, असा त्याचा बोल असतो. मूल झाले नाही तर पाळण्याचा खर्च वाचतो. म्हणजे या सौद्यातील जोखीम निदान काही अंशी देवाकडे जाते. बीजविश्वासात किंमत आगाऊ वसूल होते आणि सारी जोखीम देणाराकडे राहते. आपला अडाणी समजला जाणारा नवसकरी याबाबतीत चांगलाच व्यवहारी म्हणावा लागेल.

मग माणसे फसतात कशी, असा प्रश्न सुशिक्षित वाचक विचारील. एक कारण साक्षींच्या गणितात आहे. हजार माणसांनी नोकरीसाठी बी पेरले, तर त्यांतील काहींना नोकरी लागणारच. ती बी न पेरताही लागली असती. ज्यांना लागली ते मंचावर येऊन साक्ष देतात, टाळ्या पडतात, चित्रफीत निघते. ज्यांना लागली नाही ते एस.टी. पकडून घरी जातात. त्यांच्या हाती कोणी ध्वनिक्षेपक देत नाही. यशाची नोंद ठेवणारे आणि अपयशाची नोंदच नसलेले हे खाते कोणाही कारकुनाने क्षणात चुकीचे ठरविले असते, जर ते कचेरीतले असते.

दुसरे कारण अधिक गंभीर असून त्याची थट्टा करता येणार नाही. ज्याच्या डोक्यावर खाजगी सावकाराचे कर्ज आहे, ज्याच्या घरातील आजारपणाने दागिने मोडले आहेत, ज्याच्या पदवीधर मुलाला वर्षानुवर्षे काम नाही, त्याला बँक उभी करीत नाही आणि शासनाच्या योजनेची यादी त्याच्या नावापाशी येऊन थांबते. अशा माणसाला नावाने हाक मारून, डोक्यावर हात ठेवून, ‘तुझे दिवस पालटणार आहेत’ असे सांगणारा जो कोणी पहिला भेटेल त्याच्याकडे तो वळणारच. त्याने दिलेले पाचशे रुपये हे केवळ लोभाचे नसतात. आपल्या दुःखाची कोणी दखल घेतली याची ती किंमत असते. मूर्खपणा असे म्हणून हा प्रश्न झटकून टाकणारांनी आपल्या सहकारी पतसंस्थांच्या आणि साखळी योजनांच्या ठेवीदारांच्या याद्या एकदा नजरेखालून घालाव्यात. त्यांत प्राध्यापकही सापडतील.

रुपयांचे नुकसान भरून निघू शकते, आजाराचे नाही. जेव्हा औषध घेणे हेच अविश्वासाचे लक्षण ठरविले जाते, मधुमेहाच्या रुग्णाला गोळी सोडणे ही साक्ष वाटू लागते, तेव्हा पेरलेले बी देहाचे असते. आणि रुग्ण दगावला तरी कराराचे तेच कलम पुन्हा लागू होते. ज्या घरात मृत्यू झाला त्याच घराला सांगितले जाते की, विश्वास कमी पडला. ज्या पवित्र शास्त्राच्या आधारे हे सांगितले जाते त्यातच ईयोबाचे पुस्तक आहे. दुःखी माणसाला त्याच्या पापाचा हिशेब विचारणाऱ्या मित्रांना त्या पुस्तकाच्या अखेरीस परमेश्वर चूक ठरवितो. मार्कच्या ज्या वचनावर शंभरपटीची इमारत उभी आहे त्यातच शंभरपटीबरोबर छळाचाही उल्लेख आहे. उपदेशक तेवढा भाग वाचीत नाहीत.

बाहेर पडलेले

या चळवळीला सर्वांत मोठा धक्का विरोधकांनी नव्हे, घरातल्यांनी दिला. बेनी हिन यांचा पुतण्या कोस्टी हिन हा काकांच्या सभांत मंचावर पडणाऱ्या भाविकांना मागून झेलण्याचे काम करीत असे, आणि खाजगी विमाने व आलिशान हॉटेले यांचा लाभही घेत असे. पुढे एका लहानशा मंडळीत काम करीत असताना त्याच्यावर योहानाच्या पाचव्या अध्यायावर प्रवचन करण्याची पाळी आली. बेथेस्दाच्या तळ्याकाठी पुष्कळ रोगी पडले होते. येशूने त्यांतील एकालाच बरे केले, आणि त्या माणसाला तर बरे करणारा कोण हेही ठाऊक नव्हते. पैसे नव्हते, विश्वासाची कबुली नव्हती, तरी तो बरा झाला, इतर राहिले. जन्मभर ऐकलेला हिशेब या एका उताऱ्यापुढे टिकेना. कोस्टीने २०१७ मध्ये आपली हकीकत एका ख्रिस्ती नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि २०१९ मध्ये पुस्तक लिहिले. तो धर्म सोडून गेला नाही. पाळक म्हणूनच काम करीत राहिला. त्याने सोडला तो करार.

त्याच २०१९ च्या सप्टेंबरात खुद्द बेनी हिन यांनी, समृद्धीचा उपदेश हाताबाहेर गेला असून आशीर्वादाला रकमेचे लेबल लावणे आपणास मान्य नाही, अशा अर्थाचे जाहीर उद्गार काढले. त्यापूर्वी चळवळीचे पितामह मानले जाणारे केनेथ हेगिन यांनी २००० साली पुस्तक लिहून शंभरपटीच्या अतिरेकाला आवर घालण्याचा प्रयत्न केला होता. जिम बेकर यांचे उदाहरण तर वकिलांनी अभ्यासावे असे आहे. हजार डॉलर देणाऱ्यास आजन्म दर वर्षी तीन रात्री आपल्या विश्रामधामात राहावयास मिळेल, असे सांगून त्यांनी तेथील खोल्यांत मावणार नाहीत इतक्या भागीदाऱ्या विकल्या. १९८९ मध्ये त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली. अपिलानंतर ती कमी होऊन १९९४ मध्ये ते सुटले. १९९६ च्या ‘आय वॉज राँग’ या आत्मकथनात त्यांनी समृद्धीचा उपदेश चुकीचा होता, अशी कबुली दिली. पुढे तेच बेकर कोरोनाच्या साथीत दूरदर्शनवरून चांदीचे द्रावण विकल्याबद्दल पुन्हा कज्जात सापडले, आणि २०२१ मध्ये ग्राहकांना सुमारे दीड लाख डॉलर परत करण्याच्या तडजोडीवर ते प्रकरण मिटले. सिद्धांताची दुरुस्ती आणि वसुलीची पद्धत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते. उपदेशकाच्या पश्चात्तापावर भाविकाचे संरक्षण सोपविता येत नाही.

मोठ्या माणसांचे बाहेर पडणे वर्तमानपत्रांत येते. लहान माणसाचे येत नाही, आणि त्याला ते अधिक महागही पडते. अर्थशास्त्रात ज्याला बुडीत खर्च म्हणतात, म्हणजे जो कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, तो विसरून पुढचा निर्णय घ्यावा, असे पाठ्यपुस्तक सांगते. माणसे असे वागत नाहीत. पाच वर्षे बी पेरलेला मनुष्य सहाव्या वर्षी थांबला तर पाच वर्षे आपण फसलो हे त्याला बायकोमुलांपुढे मान्य करावे लागते. त्यातून त्याने एखादे दिवशी स्वतः साक्ष दिलेली असते. आपल्या शब्दावर शेजाऱ्याने पैसे दिले ही टोचणी निराळी. मंडळी सोडली तर मुलीचे लग्न कोण जमविणार, मयतीला कोण येणार, दफनभूमीत जागा कोण देणार, हे प्रश्न लहान समाजात शाब्दिक नसतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा एकाहूनही किंचित कमी आहे. अशा समाजात प्रश्न विचारणारा घराबाहेर पडतो तो थेट उघड्यावरच. ‘देवाच्या अभिषिक्तावर बोट ठेवू नये’ ही तंबी त्याला आतून मिळते. बाहेर धर्मांतराच्या वादाचे राजकारण त्याच्या तक्रारीची वाटच पाहत असते. त्याला आपले पैसे आणि आपला मान परत हवा असतो, त्यांना त्याच्या समाजाविरुद्ध एक पुरावा हवा असतो. या दोन गोंगाटांच्या मधे तो गप्प राहतो. त्याच्या मौनावरच हा धंदा चालतो.

एक मराठी वारसा

वास्तविक या समाजाला प्रश्न विचारण्याचे शिक्षण परक्याकडून घेण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लगेच त्या धर्मगुरूंशी वाद घालू लागल्या. आपला विवेक कोणा पुरोहिताकडे गहाण ठेवण्यासाठी आपण एका पुरोहितशाहीतून सुटलो नाही, हा त्यांच्या पत्रव्यवहाराचा रोख आहे. त्यांनी अमेरिकेत हिंडून पैसा जमविला. पण १८८७ मध्ये बॉस्टनला त्यासाठी स्थापन झालेली असोसिएशन दर वर्षी अहवाल छापीत असे. केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले त्याची गणना जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या आरंभीच्या घटनांत होते. समृद्धीचा उपदेश पुढे फोफावला तो मुख्यत्वे याच चळवळीच्या भूमीत. म्हणून केडगावची आठवण महत्त्वाची. १८९६-९७ च्या दुष्काळापासून तेथे आसरा दिलेल्या अनाथ मुलींना ऐश्वर्याचा वायदा दिलेला नव्हता. अन्न, अक्षर आणि हाताला काम दिले होते.

रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडला, आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. संस्था सोडणे म्हणजे ख्रिस्ताला सोडणे नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखविले. परभणीच्याच लोहमार्गावर असलेल्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही वसाहत वसविली. मिशनांच्या कार्यात प्रलोभन नव्हतेच असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दुष्काळात अन्नासाठी धर्म बदलल्याचे आरोप त्या काळीही झाले, आणि काही ठिकाणी ते खोटे नव्हते. तरी त्या काळी द्रव्य वाहत होते ते देणगीदाराकडून दरिद्री माणसाकडे. आता प्रवाहाची दिशाच उलटली आहे.

पावतीपुस्तक

कायद्याने किती साधेल? महाराष्ट्राने २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला. तथाकथित चमत्कार दाखवून आर्थिक लुबाडणूक करणे त्यात गुन्हा आहे. प्रार्थना, उपासना आणि प्रवचन यांना त्यातून वगळले आहे, आणि ते योग्यच आहे. माणसाने आशेपोटी दिलेल्या दानात फौजदाराने नाक खुपसावे असे कोणी सुचविणार नाही. अमेरिकेत सिनेटर ग्रासली यांनी २००७ मध्ये अशा सहा संस्थांची चौकशी आरंभिली; २०११ मध्ये कोणालाही दंड न होता ती संपली. श्रद्धेची चौकशी सरकारला करता येत नाही. हिशेबाची करता येते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा आहे. नोंदणी झालेल्या प्रत्येक न्यासाला, मग ते मंदिर असो, दर्गा असो की चर्च, वर्षाचे हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि लेखापरीक्षकाचा अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे जातो. गल्लीतील गणेश मंडळालासुद्धा वर्गणी गोळा करण्यापूर्वी याच अधिनियमाच्या कलम ४१ क अन्वये परवानगी काढावी लागते, हे महाविद्यालयातील मुलांना तरी सांगावे लागू नये. दानाचा चौकोनी ठसा मोबाईलवर आला म्हणजे प्रथम पाहावयाचे ते एवढेच की, त्यामागचे खाते नोंदलेल्या न्यासाचे आहे की उपदेशकाच्या स्वतःच्या नावाचे. न्यासाचे असल्यास नोंदणी क्रमांक कोणता, आणि गेल्या वर्षीचा ताळेबंद कोठे पाहावयास मिळेल. जे पाळक प्रामाणिक आहेत त्यांना या प्रश्नांची भीती नाही. पुष्कळ मंडळ्यांत रविवारच्या अर्पणाचा हिशेब उपासनेनंतर वाचूनही दाखविला जातो. सहायक धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय परभणीतच आहे, आणि पेडगावहून तेथे जाण्यासाठी वेड पांघरावे लागत नाही.